जुनं क्रोनोग्राफ घड्याळ मुंबईत घेताना: आधी डायल, मग मशीन

मुंबईच्या जुन्या बाजारात क्रोनोग्राफला अजूनही ‘स्टॉपवॉचवालं घड्याळ’ म्हणतात. चावीच्या वर-खाली दोन बटणं, डायलवर एक, दोन किंवा तीन छोट्या चकत्या, आणि बटण दाबल्याशिवाय न हलणारा मधला लांब काटा. ओळखायला सोपं, पण पारखायला अवघड, कारण साध्या घड्याळापेक्षा यात कितीतरी जास्त भाग असतात आणि पन्नास-साठ वर्षांत त्यातला कुठलाही भाग कोणीही बदललेला असू शकतो.

त्यात मुंबईची स्वतःची एक अडचण आहे. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. चांगला माल आला तो एक तर आखातातून किंवा बोटीवरून परतणाऱ्यांच्या मनगटावर, नाहीतर चोरट्या मार्गाने. त्यामुळे इथे सापडणाऱ्या घड्याळाबरोबर मूळ डबा, पावती, वॉरंटीकार्ड बहुधा नसतंच. कोणी जुन्या घड्याळाबरोबर कोरा करकरीत डबा पुढे केला, तर तो नंतर जोडलेला आहे असं धरून चला. कागद नाहीत म्हणून घड्याळ खोटं ठरत नाही, पण मग सगळा पुरावा घड्याळातच शोधावा लागतो.

दुसरी गोष्ट थोडी बोचरी आहे. परदेशातले संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ हा शब्द जवळजवळ शिवीसारखा वापरतात. जुनं मशीन, बफ मारून गुळगुळीत केलेली केस (घड्याळाचं धातूचं बाहेरचं घर) आणि भडक रंगात नव्याने छापलेली डायल, असा त्याचा अर्थ. हा माल आपल्याच गल्ल्यांत तयार होतो, त्यामुळे तो ओळखायला आपणच सगळ्यात आधी शिकायला हवं. बंद पडलेलं मशीन चांगला कारागीर चालू करू शकतो. रंगवलेली डायल पुन्हा मूळ होत नाही. म्हणून पाहायला सुरुवात डायलपासून करायची.

खिशात काय असावं

दहापट मोठं दाखवणारी आयग्लास, ३६५ नॅनोमीटरची छोटी यूव्ही टॉर्च, डिजिटल व्हर्नियर, मऊ फडकं आणि फोनमध्ये घड्याळाची टिकटिक मोजणारं एखादं ॲप. एवढं पुरे. मागचं झाकण उघडायची हत्यारं नेऊ नका. झाकण विकणाऱ्यालाच उघडायला सांगायचं, म्हणजे ओरखडा उठला तर वाद होत नाही.

डायल कशी वाचायची

पहिली परीक्षा फुकट आणि अचूक आहे. बहुतेक क्रोनोग्राफच्या कडेला टॅकीमीटरची पट्टी असते. एक किलोमीटर जायला किती सेकंद लागले त्यावरून ताशी वेग सांगणारी. तिचं गणित एकच: ३६०० भागिले सेकंद. म्हणजे १५ सेकंदांच्या रेघेवर, तीनच्या जागी, २४० यायलाच हवं. ३० सेकंदांवर, सहाच्या जागी, १२०. ४५ सेकंदांवर, नऊच्या जागी, ८०. ३६ सेकंदांवर १००. मूळ डायल छापताना कारखान्यात ही रेघ सेकंदाच्या रेघेला नेमकी जुळवलेली असे. हाताने नव्याने छापलेल्या डायलवर पट्टी अर्धा-एक रेघ फिरलेली असते, कधी १२० सहाच्या उजवीकडे सरकलेलं, कधी अक्षरच गाळलेलं. पट्टी गोगलगायीसारखी आत वळत जाणारी असेल तर आकड्यांचा क्रम वेगळा चालतो. तिथे आधी त्या मॉडेलचं खात्रीचं चित्र शोधा.

दुसरी परीक्षा छोट्या चकत्यांची. आयग्लास लावून टॉर्च आडवी धरा. अनेक चांगल्या डायलवर या चकत्या जराशा खोल असतात आणि त्यांच्या तळाशी ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक गोल रेघा कोरलेल्या असतात. प्रकाश फिरवला की त्यावर डमरूच्या आकाराची चमक फिरते. नव्याने रंग मारला की तो या रेघांत भरतो, चमक मरते आणि चकतीचा काठ बोथट दिसतो. एकदा चांगली डायल हातात धरून ही चमक पाहिली की पुढे फसगत फार कमी होते. डायल पाहताना याच जागेवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा.

तिसरी, चमकणाऱ्या पावडरीची. साधारण साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत काट्यांवर आणि आकड्यांवर रेडियम भरत, नंतर ट्रिटियम आलं. ट्रिटियमच्या स्विस डायलवर सहाच्या खाली ‘स्विस’ शब्दाच्या दोन्ही बाजूंना बहुधा ‘टी’ अक्षर असतं. ट्रिटियमचं अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षं, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली डायल आता अंधारात आपोआप चमकणारच नाही. यूव्ही टॉर्च मारल्यावर ती उजळली, तरी टॉर्च बंद होताच पटकन विझायला हवी. टॉर्च बंद करूनही मिनिटभर हिरवीगार राहिली तर पावडर नवी भरलेली आहे. काट्यांवरच्या आणि डायलवरच्या पावडरीचा रंग एकमेकांशी जुळतो का तेही पाहा. डायलवरची तपकिरी आणि काट्यांवरची पांढरीशुभ्र असेल तर बहुधा काटे बदललेत.

रेडियमबद्दल गंभीरपणे सांगणं भाग आहे. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षं. चमक गेली असली तरी किरणोत्सर्ग तसाच आहे. झाकण बंद असलेलं घड्याळ मनगटावर घालणं ही वेगळी गोष्ट, पण झाकण उघडून सुटलेली पावडर फुंकणं, खरवडणं किंवा बोटाने पुसणं घातक आहे. ती धूळ छातीत गेली की तिथेच राहते. अशी डायल घरी कधीही उघडू नका, आणि कारागिराकडे देताना ‘रेडियम आहे’ असं स्पष्ट सांगा.

कुठलं मशीन घ्यावं

क्रोनोग्राफचं बटण दाबल्यावर आतली तरफ कशी हलते त्यावरून दोन घराणी पडतात. एकात किल्ल्याच्या बुरुजासारखे उभे खांब असलेलं चक्र असतं. त्याला कॉलम व्हील म्हणतात. दुसऱ्यात खाचा पाडलेले सपाट पत्रे, म्हणजे कॅम. कॉलम व्हीलचं बटण मऊ दबतं आणि किंमत चढी असते. कॅमचं बटण जरा कडक, पण मशीन दणकट आणि दुरुस्तीला सोपं. नवशिक्याने कॅमपासूनच सुरुवात करावी असं आमचं ठाम मत आहे. कॅमला हलकं मानण्याचं कारण नाही. ओमेगाने १९६८ मध्ये स्पीडमास्टर या क्रोनोग्राफमधलं कॉलम व्हीलचं ३२१ मशीन काढून त्या जागी कॅमचंच ८६१ बसवलं.

कॅमच्या घराण्यात लँडेरॉन ४८ सर्वाधिक भेटतं. याची रीत वेगळी आहे: वरचं बटण फक्त सुरू करतं, खालचं पहिल्यांदा दाबलं की थांबवतं, पुन्हा दाबलं की शून्यावर आणतं. हे माहीत नसल्याने चांगली चालती घड्याळं ‘वरचं बटण खराब’ म्हणून स्वस्तात जातात. कॅमचंच दुसरं मशीन व्हीनस १८८. १९६६ मध्ये व्हीनस वालजूमध्ये विलीन झाल्यावर तेच मशीन वालजू ७७३० म्हणून पुढे आलं आणि त्यातून ७७३३, ७७३४ निघाली. ७७३४ ची यंत्रसामग्री सोव्हिएत रशियाने घेतली आणि तिच्यावर पोल्योत ३१३३ बनवलं. कॉलम व्हीलमध्ये वालजू २३ आणि ७२, व्हीनस १७५, ओमेगा ३२१ ही नावं लक्षात ठेवा. होयरच्या १९६३ च्या पहिल्या कॅरेरामध्ये वालजू ७२ होतं.

ऑटोमॅटिक क्रोनोग्राफचं वर्ष १९६९. झेनिथचं एल प्रिमेरो, होयर-ब्राइटलिंग आणि त्यांच्या भागीदारांचं कॅलिबर ११, आणि सैकोचं ६१३९, तिन्ही त्याच वर्षी आली. मुंबईच्या खिशाला यातलं ६१३९ परवडतं. त्यात कॉलम व्हील आहे आणि उभा क्लचही (क्लच म्हणजे बटण दाबल्यावर क्रोनोग्राफला चालत्या मशीनशी जोडणारा भाग). मात्र चावी फिरवून त्याची कमान (मुख्य स्प्रिंग) भरत नाही, ते हलवूनच चालू करावं लागतं. त्यात चालू सेकंदांची वेगळी चकती नाही, त्यामुळे घड्याळ चालतंय का हे कळायला बटण दाबावंच लागतं. तारीख-वार बदलायला चावी आत दाबायची.

सैकोचा काळ ओळखणं सोपं आहे. झाकणावरच्या क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा: १ ते ९ म्हणजे जानेवारी ते सप्टेंबर, ० म्हणजे ऑक्टोबर, ‘एन’ नोव्हेंबर, ‘डी’ डिसेंबर. ४ ने सुरू होणारं ६१३९ हे १९७४ चं. झाकणावर ‘वॉटर प्रूफ’ लिहिलं असेल तर ते साधारण १९७० पर्यंतचं, ‘रेझिस्ट’ असेल तर नंतरचं. डायलवर ‘रेझिस्ट’ आणि झाकणावर ‘प्रूफ’ असेल तर बहुधा दोन घड्याळांचं एक केलेलं आहे. पिवळ्या डायलचं ६१३९ अमेरिकी अंतराळवीर कर्नल विल्यम पोग यांनी १९७३ मध्ये स्कायलॅब या अंतराळस्थानकावर नेलं होतं. हे पुढे संग्राहकांना कळल्यावर त्या रंगाला मागणी आली, म्हणून बनावट पिवळ्या डायलही बाजारात ढिगाने आहेत. सहाच्या खालचा बारीक कोड आयग्लासखाली वाचा. नकलेत तो फिसकटलेला असतो किंवा नसतोच.

दुर्मीळतेचा पैसा नेहमी डायलमागे जातो. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात अभिनेते पॉल न्यूमन यांचं रोलेक्स डेटोना १ कोटी ७७ लाख डॉलरला गेलं. त्या प्रकारच्या डायलच्या नकला आता जगभर आहेत. डॉक्टरांची नाडीची पट्टी, विजेचा आवाज ऐकून अंतर सांगणारा टेलिमीटर, तिन्ही चकत्यांचे रंग वेगळे, असं काही ‘फारच खास’ समोर आलं तर उत्साह आवरा आणि वरच्या तीन परीक्षा दोनदा करा.

बटणांची परीक्षा

दुकानात घाई करू नका. आधी चावी हळूहळू वीस-एक फेरे द्या. कमान घट्ट लागत जाते का, मध्येच सुटते का, हे बोटांना कळतं. मग वरचं बटण दाबा. आडव्या क्लचच्या मशीनमध्ये (जिथे दातेरी चक्र आडवं सरकून दुसऱ्यात अडकतं) काटा निघताना एखादी बारीक उडी मारतो, ते क्षम्य आहे. काटा चालताना सतत थरथरत असेल तर दातांची पकड नीट बसलेली नाही किंवा चक्रावरची दाबपट्टी सैल झाली आहे. थांबवा. काटा जागच्या जागी थांबायला हवा, सरकला तर ब्रेक झिजलाय. मग शून्यावर आणा. मधला काटा बरोबर बारावर आणि चकत्यांचे काटे आपापल्या शून्यावर, एकाच क्षणी.

हे दहा वेळा करा. दर वेळी तेवढाच डावीकडे थांबत असेल तर काटा चुकीचा बसवलाय, किरकोळ काम. दर वेळी वेगळ्या ठिकाणी थांबत असेल तर काट्याची नळी सैल झाली आहे, किंवा बदामाच्या आकाराचं जे चकतं हातोडीच्या मारानं काटा शून्यावर आणतं ते झिजलंय. हा दोष महाग पडतो. काटा चालू असताना शून्याचं बटण दाबून पाहू नका (लँडेरॉन ४८ मध्ये थांबवायचंही तेच बटण आहे, तिथे हरकत नाही). फ्लायबॅक घड्याळं, म्हणजे चालू असतानाच शून्यावर आणता येणारी, सोडली तर अनेक क्रोनोग्राफना तो दणका झेपत नाही.

आता मिनिटाची चकती. साठाव्या सेकंदाला तिचा काटा पुढच्या रेघेवर जायला हवा. पाच-सहा मिनिटं पाहून समाधान मानू नका. दोष बहुधा एखाद्याच वाकलेल्या दातात असतो, आणि तो तेविसाव्या मिनिटाला प्रकट होतो. चकतीची पूर्ण फेरी, बहुधा अर्ध्या तासाची, पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. विक्रेता चहा मागवतो, तेवढा वेळ सहज निघतो.

क्रोनोग्राफ चालू केल्यावर घड्याळच बंद पडलं, तर तेल सुकलंय किंवा कमान दमली आहे. सर्व्हिसने बरं होतं, पण भावात ते धरा. टिकटिक तपासणाऱ्या यंत्रावर लावून पाहता आलं तर पूर्ण चावीला, डायल वर ठेवून, बॅलन्सचा (मागे-पुढे डोलणाऱ्या चक्राचा) झोका २५० अंशांच्या वर हवा. आडव्या क्लचमध्ये बटण दाबल्यावर तो वीस-तीस अंशांनी उतरणं स्वाभाविक आहे. २०० च्या खाली गेला तर सर्व्हिस लागणारच.

झाकण उघडल्यावर

मशीनचा क्रमांक बहुधा बॅलन्सच्या चक्राखाली, पाटीच्या काठाला कोरलेला असतो. व्हीनसच्या मशीनवर तारा असतो. स्क्रूंची डोकी पाहा. खाचा फाटलेल्या असतील तर बरेच हात लागून गेलेत. तांबूस-तपकिरी डाग म्हणजे पावसाचं किंवा घामाचं पाणी आत गेलंय. गंज बटणांच्या आणि चावीच्या बाजूने सुरू होतो, तिथे टॉर्च मारा.

व्हीनस १७५ म्हणून विकल्या जाणाऱ्या घड्याळात खास सावध राहा. त्याची यंत्रसामग्री साठच्या दशकात चीनने घेतली आणि त्यावर आधारलेलं एसटी १९ आजही बनतं. जुन्या केसमध्ये नवं चिनी मशीन घालून ‘पुराना स्विस’ म्हणून देतात. फोनचं ॲप इथे कामी येतं: व्हीनस तासाला १८,००० ठोके देतं, म्हणजे सेकंदाला ५. एसटी १९ देतं २१,६००, म्हणजे सेकंदाला ६. ॲपने २१,६०० दाखवलं की बोलणी थांबवा.

केसही बघा. झाकणावर फक्त ‘स्टेनलेस स्टील बॅक’ लिहिलं असेल तर मागचं झाकणच स्टीलचं, बाकी पितळेवर क्रोमचा मुलामा. मुंबईचा घाम त्या मुलाम्याला पट्ट्याच्या बाजूने खातो आणि खड्डे पडतात. पट्ट्याच्या कानांच्या कडा गोलसर झाल्या असतील, झाकणावरची अक्षरं पुसट असतील, तर केसवर बफ मारलंय. बफ मारलेली केस चमकते आणि म्हणूनच नवख्याला आवडते. तुम्ही ओरखड्यांची पण कडा शाबूत असलेली निवडा.

बाजारात

चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, दुकानं शुक्रवारी बंद असतात आणि त्याच दिवशी पहाटे फुटपाथवर जुमा बाजार भरतो. तिथे टॉर्चच्या उजेडात खरेदी होते. तो उजेड डायलसाठी सगळ्यात फसवा, म्हणून नवख्याने आधी दिवसा दुकानांत डोळा तयार करावा. ‘साहब, फुल ओरिजिनल है, अंदर से खोला भी नहीं’ हे वाक्य ऐकलं की भांडू नका. ‘चाचा, जरा पीछे का ढक्कन खोल के दिखाओ’ एवढंच म्हणा. उघडायला ठाम नकार असेल तर नमस्कार करून पुढे चला. भाव करताना दोष मोठ्याने मोजून दाखवण्यापेक्षा, सर्व्हिसला किती लागतील ते सांगून तेवढे कमी करायला सांगितलेलं जास्त चालतं. खरेदीच्या रकमेचा चौथा हिस्सा सर्व्हिससाठी बाजूला ठेवायची सवय लावा.

दोन लाख किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीत घेणं आयकर कायद्यात बसत नाही, तेव्हा मोठा व्यवहार बँकेतून करा आणि साध्या कागदावर का होईना, मॉडेल आणि क्रमांक लिहून सही घ्या. घड्याळ लाँजिन्सचं असेल तर क्रमांक कंपनीला कळवा. त्यांच्या जुन्या नोंदवह्यांतून ते घड्याळ कधी बनलं आणि कुठे पाठवलं हे कळू शकतं.

कारागीर आणि तेल

साधी घड्याळं दुरुस्त करणारा प्रत्येक जण क्रोनोग्राफ उघडू शकत नाही. देण्याआधी दोन प्रश्न विचारा. अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुचकळून काढता की सुटं करता? आणि क्रोनोग्राफच्या चक्रांच्या दातांना तेल लावता का? पहिल्याचं योग्य उत्तर ‘सुटं करतो’, दुसऱ्याचं ‘नाही’. दात कोरडेच ठेवायचे असतात, तेल लागलं की धूळ चिकटून ते अडखळतात. कॉलम व्हीलच्या खांबांना मात्र ग्रीसचा पुसट हात हवा. पॅलेटच्या (टिकटिक करणाऱ्या तरफेच्या) खड्यांना वेगळं तेल, बारीक चक्रांच्या टोकांना वेगळं, जाड दाबाच्या जागी वेगळं. एकाच बाटलीतून सगळीकडे तेल घालणाऱ्याकडे क्रोनोग्राफ देऊ नका. काढलेला प्रत्येक जुना भाग, मूळ काच आणि चावीसुद्धा, पुडीत बांधून परत मागा. ‘डायल चमकवून देऊ का’ असं विचारलं तर हात जोडून नको म्हणा.

प्लास्टिकच्या काचेवरचे ओरखडे पांढऱ्या टूथपेस्टने, मऊ फडक्यावर घेऊन पाच मिनिटं चोळले की बरेचसे जातात. सैकोची हार्डलेक्स काच खनिज काचेची असते, तिच्यावर हे चालत नाही.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हा संग्रहाचा खरा शत्रू. जुन्या क्रोनोग्राफच्या बटणांतली रबरं कडक झालेली असतात, तेव्हा ‘वॉटर प्रूफ’ लिहिलेलं असलं तरी पावसात ते घालू नका. गोदरेजच्या कपाटातही हवा दमट होते. झाकण घट्ट बसणारा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. रंग बदलणारं जेल घेतलं तर नारिंगी हिरवं झालं की ते ओलं झालं, ओव्हनमध्ये १००-१२० अंशांवर दोनेक तास सुकवलं की पुन्हा वापरता येतं. छायाचित्रकार लेन्स ठेवतात तसलं कोरडं कपाट असेल तर उत्तमच. डांबरगोळ्या आणि कापूर त्या डब्यात ठेवू नका, त्यांची वाफ पुन्हा घड्याळावरच बसते. चामड्याचे पट्टे काढून वेगळे ठेवा, कारण बुरशी पट्ट्यावर आधी धरते आणि तिथून केसच्या खाचांत शिरते.

महिन्यातून एकदा प्रत्येक घड्याळ चावी देऊन दिवसभर चालू द्या, क्रोनोग्राफ तासभर चालवा, आणि थांबवून, शून्यावर आणूनच परत डब्यात ठेवा. काच आतून धुकट दिसली तर वाट पाहू नका. त्याच दिवशी कारागिराकडे न्या आणि झाकण उघडून सुकवून घ्या. दमट मशीनमध्ये बटणांच्या बारीक स्प्रिंगा आठवड्याभरात गंज धरतात आणि लँडेरॉनच्या स्प्रिंगा आता सहज मिळत नाहीत.